सुटली म्हणा

कुपवाडच्या ज्या कारखान्याची बाग आमची कंपनी सांभाळते, त्यांनी गेल्या हिवाळ्यात मला एक फॉर्म पाठवला. चार पानी होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आधुनिक गुलामगिरी प्रतिबंध : पुरवठादार स्वयंघोषणा'. कारखान्याचा माल परदेशात जातो. तिथल्या गिऱ्हाइकांना खात्री हवी असते, की माल बनवणाऱ्यापासून ते दारात फुलझाडं लावणाऱ्यापर्यंत कुणालाही वेठीला धरलेलं नाही. हेतू चांगलाच आहे, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण त्या फॉर्मचं मराठी ज्यानं केलं होतं त्याला दोन दिवस उन्हात कुदळ हातात द्यायला हवी होती. 'कामगारास कार्यस्थळाचा त्याग करण्याचे स्वातंत्र्य उपलब्ध आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही.

आमचे मालक फॉर्म बघून हसले. "गुलामगिरी? आपल्याकडं? टाका सगळीकडं होय, आणि द्या पाठवून."

"सर, काही प्रश्नांना होय म्हणजे आपण गुन्हेगार ठरतो," मी म्हटलं. "'ओळखपत्रे जप्त केली जातात काय', त्याला होय टाकू?"

"मग तिथं नाही टाका. तुम्ही बघा की. तुम्हाला असलं काय काय आवडतं."

आवडतं कसलं डोंबल. पण ऑफिसात कुणाला नको असलेलं काम माझ्या टेबलावर येतं हे अकरा वर्षांत मी शिकले आहे. शेतकी पदविका घेऊन मी इथं लागले तेव्हा झाडं बघायला लागले होते. आता झाडं माळी बघतात आणि मी कागद बघते. सांगली, मिरज, कुपवाड, तिकडं साताऱ्यात दोन दवाखाने आणि एक शाळा, एवढ्या बागा आमच्याकडे आहेत. त्या सगळ्यांचे गेटपास, हजेऱ्या आणि तक्रारी माझ्याकडे.

आमच्या माळ्यांचं उत्तर मला ठाऊक होतं. पण फॉर्ममध्ये पुरवठादारही होते. शेणखत कोण देतं, कुंड्या कुठून येतात, लॉन कुणाचं. लॉन आम्ही फलटणच्या बाजूच्या एका शेतकऱ्याकडून घेतो. उसाच्या पट्ट्यात त्यानं काही एकर लॉनच लावलं आहे. तयार गवत मातीसकट चौकोनी तुकड्यांत कापायचं, टेंपोत थराथरानं रचायचं आणि त्याच दिवशी दुसरीकडे अंथरायचं. कारखान्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन माघात होतं आणि पुढच्या दारी हिरवंगार लॉन हवं होतं. म्हणून कारखान्यानं पुण्याहून एक तपासणीस पाठवला, आणि त्याला घेऊन मी फलटणला गेले.

लॉनवाला गोड माणूस. वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा, बोलायला मोकळा. आम्ही उतरायच्या आत चहा सांगितला. त्याच्याकडे आठ-दहा जोडपी कामाला होती, सगळी बाहेरगावची, शेताच्या बांधावर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. खोल्यांना वीज होती, पाण्याची टाकी होती. तपासणिसानं टाकीचा फोटो काढला, खोल्यांच्या कड्या तपासल्या, बाहेरून कुलूप घालायची सोय नाही हे टिपून घेतलं. आधार कार्डं ज्याची त्याच्याकडे होती. मजुरी बँकेत जात होती. मी मनात म्हटलं, चला, एक तरी काम सरळ झालं.

मग त्यानं एका बाईला बोलावलं. ती लॉनमध्ये उकिडवी बसून खुरप्यानं लव्हाळा काढत होती. लव्हाळा म्हणजे लॉनचा काळ. वरून उपटला तर खालची गाठ राहते आणि आठवड्यात पुन्हा उगवतो, म्हणून एकेक गाठ शोधून काढावी लागते. दिवसभर तेच काम. बाई चाळिशीची असेल, जतच्या पलीकडची, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या गावातली. तिचा नवरा पलीकडच्या वाफ्यात होता. लॉनवाला चार पावलांवर उभा.

"तुम्हाला इथून कधीही जायचं स्वातंत्र्य आहे ना?" तपासणिसानं विचारलं.

ती माझ्याकडे बघून हसली. "व्हय की. कोन आडिवतंय?"

तपासणिसानं होय लिहिलं. त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं.

चहा झाल्यावर मी हात धुवायला टाकीकडे गेले तर बाई माझ्यामागे आली. कळशी भरायचं निमित्त करून हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमचं ऐकतील मालक. तेवडं सुटली म्हना म्हनून सांगा की."

"काय सुटली?"

तेव्हा तिनं सांगितलं. दसऱ्यानंतर कामावर आले तेव्हा लॉनवाल्यानं सगळ्या जोडप्यांना बिरोबाचा भंडारा उचलायला लावला होता. ताटात हळद, वर बेलाचं पान. नवरा-बायकोनं मिळून मूठ भरायची आणि म्हणायचं, पाडव्यापर्यंत आम्ही हा वाफा सोडून जाणार नाही. गेलो तर आमच्या लेकराबाळांवर फिरेल. पैशाची भानगड नव्हती, घेतलेली उचल दिवाळीतच फिटली होती. नुसता शब्द होता. आता तिची लेक पहिलटकरीण होती, रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आणून सोडलेली, आणि माहेरी आईच नव्हती. घरात फक्त चुलती, तीही मनाची मालकीण. माघात दिवस भरणार होते. बाईला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं.

"मग जा ना," मी म्हटलं. "हळद आहे ती. कोण काय करणार आहे तुम्हाला?"

हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःचा राग येतो. बाई कळशी डोक्यावर घेत म्हणाली, "तुमास्नी हळद हाय, अक्का. माज्या लेकीच्या पोटात हाय."

मला ते घरी येईपर्यंत नीट कळलं नव्हतं. लेकीकडे जायचं तर शपथ मोडायची, आणि शपथ मोडली तर ती फिरणार त्याच लेकीवर, तिच्या पोटातल्या जिवावर. असा गुंता तिच्याभोवती होता आणि मी तिला स्वयंपाकघरातली हळद सांगत बसले.

आमच्या घरात शपथ नव्हतीच. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक गावच्या ओढ्यात सोडले, आणि वडील तर शपथेचा शब्द ऐकला तरी चिडायचे. "खरं बोलायला कुणाचा बाप कशाला लागतोय?" म्हणायचे. शाळेत मैत्रिणी देवाशप्पथ म्हणताना गळ्याला हात लावायच्या, खोटी घेतली तर घाबरून कुणाला तरी 'सुटली म्हण, सुटली म्हण' करून मागे लागायच्या. मी बिनधास्त घ्यायची, दिवसातून दहा, अर्ध्या खोट्या. मला काही होत नाही याचा मला तेव्हा गर्व होता, आणि तोच गर्व टाकीजवळ माझ्या तोंडून बोलला.

दुसऱ्या दिवशी मी लॉनवाल्याला फोन केला. तो चिडला नाही. समजुतीनं बोलला, आणि म्हणूनच जास्त वैताग आला.

"म्याडम, मागच्या दोन वर्सी चार जोडपी हंगामात निघून गेली. लव्हाळ्यानं वाफं खाल्लं माजं. पोलिसात जाऊ का? त्येंची गाठोडी धरून ठिवू? तसलं पाप न्हाई करत मी. देवाम्होरं शब्द घेतलाय, बास."

"तिच्या लेकीचं बाळंतपण आहे हो."

"हरेकाचं कायतरी असतंयच की. एकाची सोडली तर धाजन हुबं ऱ्हातील. पाडव्याला आपोआप सुटतीया."

"म्हणजे तिला तुम्ही अडवलंय."

"मी?" तो खरोखर दुखावला. "तिला इचारा की. तुमच्या त्या सायबानं इचारलं न्हाई का माज्याम्होरं?"

मी एका सरकारी कार्यालयात ओळखीच्या माणसाला विचारलं. त्यानं सरळ यादीच वाचली. उचल बाकी आहे? नाही. कोंडून ठेवलंय? नाही. मारहाण? नाही. कागद काढून घेतलेत? नाही. "मग म्याडम, तक्रारीत लिहू काय? हळद?" तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे त्यासाठी रकाना नव्हता, जसा माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. फॉर्मच्या शेवटी 'अन्य शेरा' म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथं मी बारीक अक्षरात सगळं लिहिलं. तपासणिसानं पुण्याहून कळवलं, की धार्मिक बाबी अहवालात घेता येत नाहीत, तरी कृपया शेरा काढून फॉर्म पुन्हा पाठवावा.

मग मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. चांगली तावातावानं गेले. म्हटलं, सर, आपण सांगितलं तर तो ऐकेल, आपण मोठं गिऱ्हाईक आहोत त्याचं. माणसांना असं शपथेनं बांधून ठेवणं म्हणजे वेठबिगारीच, अमुक आणि तमुक. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "आणि खंडेनवमीला आपण काय करतो?"

खंडेनवमीला आमच्या ऑफिसात अवजारांची पूजा असते. खुरपी, कात्र्या, गवत कापायची यंत्रं धुऊन मांडतात, झेंडूची फुलं वाहतात. मालक सगळ्या माळ्यांच्या हातावर चिमूटभर भंडारा ठेवतात आणि एकेक माळी म्हणतो, वर्षभर दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार नाही. मग पेढे. अकरा वर्षं हे चाललंय. त्या पूजेचं हळदीचं पाकीट कोण आणतं? मी. ताट कोण मांडतं? मी. स्वतः पूजेला उभी राहत नाही, माझ्या घरात बसत नाही म्हणून बाजूला उभी राहून फोटो काढते आणि आमच्या ग्रुपवर टाकते. 'आपलं कुटुंब' असं लिहून, खाली हात जोडलेली चित्रं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला फलटणपर्यंत जाऊन दिसलं होतं.

"आपल्या माळ्यांना कुणी मागं खेचत नाही," मालक म्हणाले. "मजेचा भाग आहे तो. त्याचंही तसंच."

"मग आपली तरी बंद करू."

"करा ना. माळ्यांना विचारा आधी."

मी विचारलं. मला वाटलं होतं सगळे सुटकेचा निःश्वास सोडतील. आमचा सगळ्यात जुना माळी, कवठेमहांकाळकडचा, माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "का वो बाई? काय चुकलं आमचं? भंडारा न्हाई म्हंजे पुढच्या वर्सी ठिवायचं न्हाई आमास्नी?" त्यांच्या लेखी ती नोकरीची हमी होती. त्यांनी शब्द दिला की मालकांनीही दिला, असा त्यांचा हिशेब, आणि तो अगदीच चूक आहे असं मला म्हणता येईना. अर्धा दिवस मी त्यांची समजूत काढण्यात घालवला, की कुणालाही काढणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला नाही. मला सगळ्यांचाच राग येत होता, मालकांचा, माळ्यांचा, त्या हळदीचा, फॉर्मचा. सगळ्यात जास्त माझा.

मधे मी दोनदा लॉनवाल्याला फोन केला. दुसऱ्यांदा त्यानं उचलला नाही.

माघात उद्घाटनाचा दिवस आला. आदल्या दिवशी लॉन अंथरायचं ठरलं. लॉनवाल्यानं पहाटेच लॉन कापून टेंपो पाठवला आणि अंथरायला त्याच बाईला आणि तिच्या नवऱ्याला बसवून दिलं, कारण सांधे न दिसता लॉन जोडायचं कसब त्यांच्या हातात होतं. दहा-साडेदहाला टेंपो कारखान्याच्या फाटकावर आला. आत घ्यायचा तर गेटपासवर माझी सही लागते.

बाई टेंपोतून उतरली. चेहरा सुकलेला. "लेकीचं पोट आलंय खाली," म्हणाली. "काल जावेचा फोन व्हता. दोन-तीन दिसात हुईल म्हनत्यात." कुपवाडपासून मिरजेचा स्टँड किती लांब, तिथून जतला गाड्या किती, हे तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं. तिचा चुलत भाऊ मिरजेत हमाली करतो. म्हणजे घरापासून तीन तासांवर ती उभी होती, पाय मोकळे, फाटक उघडं, पिशवीत आधार कार्ड, आणि तिनं टेंपोचा मागचा फाळका उघडायला हात घातला.

मी पेनचं टोपण लावलं आणि पेन पर्समध्ये टाकलं.

कापलेल्या लॉनचं एक असतं. थर रचलेले राहिले की आत वाफ धरते. ताडपत्री काढून हात घातला तर चटका बसावा इतकं गरम होतं, आणि दुपारपर्यंत पिवळं पडायला लागतं. लॉनवाल्याला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी त्याला फोन लावला. टेंपोवाल्याच्या फोनवरून लावला म्हणून त्यानं उचलला.

"तुमचा टेंपो फाटकाबाहेर आहे," मी म्हटलं. "तिची शपथ सोडा. मग मी सही करते."

तो आधी हसला. मग समजावू लागला. मग म्हणाला, मी तुमच्या मालकांना फोन करतो. पाच मिनिटांत मालकांचा फोन आला. इतक्या वर्षांत ते मला कधी अरेतुरे बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले. कारखान्याचा माणूस दोनदा बाहेर येऊन घड्याळ दाखवून गेला. खोटं कशाला सांगू, नोकरी जाणार असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि मुलाची कॉलेजची फी डोक्यात येत होती. पण नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, आणि ते नाक आयुष्यात पहिल्यांदा माझ्या चिमटीत होतं. मी ताडपत्रीखाली हात घालून बघितला. गरम व्हायला लागलं होतं. तेही त्याला फोन करून सांगितलं.

साडेअकराला त्याचा फोन आला. मी स्पीकर चालू केला आणि फोन बाईपुढे धरला.

"सोडली!" तो ओरडत होता. "सोडली तिची! सुटली जा म्हनावं! काय त्वांड हाय का काय बाईमानसाचं!"

"नीट म्हणा. तीनदा म्हणा," मी म्हटलं.

"सुटली! सुटली! सुटली! झालं?"

बाई खाली बसली. जमिनीला हात लावून कपाळाला लावला, काहीतरी कानडीत पुटपुटली आणि रडायला लागली. तिचा नवरा टेंपोच्या मागे लॉनचा तुकडा दोन्ही हातांत धरून उभा होता. फार कमी बोलायचा तो. म्हणाला, "जा तू. म्या हाय हितं." मला वाटलं किती समजूतदार माणूस आहे.

मी गेटपासवर सही केली आणि बाईला स्कूटरवर मागे बसवून मिरजेच्या स्टँडवर नेलं. गाडी लागलेलीच होती. खिडकीतून तिनं माझा हात धरून ठेवला. परत येताना मी कुपवाडच्या रस्त्यावर एकटीच मोठमोठ्यानं गाणं म्हणत आले. कितीतरी दिवसांनी माझं काहीतरी झालं होतं, माझ्या हातानं, कुठल्या चौकोनात खूण न करता. कारखान्यात पोचले तर तिचा नवरा एकटाच लॉन अंथरत होता, गुडघ्यांवर, सांधा सांध्याला मिळवत. दोन माणसांचं काम संध्याकाळपर्यंत त्यानं एकट्यानं ओढलं. उद्घाटन झालं. नोकरी गेली नाही. मालक आठवडाभर बोलले नाहीत, मग एक दिवस शेणखताचं बिल कुठंय म्हणून बोलले.

तिसऱ्या दिवशी तिनं जावेच्या फोनवरून मला कळवलं, नात झाली. मी ऑफिसात पेढे वाटले. ज्याला त्याला ती गोष्ट सांगितली, टेंपोसकट, आणि दर वेळी सांगताना लॉन थोडं जास्त गरम होत गेलं.

वीस-बावीस दिवसांनी साताऱ्याच्या दवाखान्यासाठी लॉन बघायला फलटणला जावं लागलं. मालकांनी दुसरा पुरवठादार शोधायचं मनावर घेतलं नव्हतं, आणि मलाही तिच्या नवऱ्याला भेटून नातीची चौकशी करायची होती. वाफ्यात दोघं शेजारी शेजारी उकिडवे बसले होते. बाईच्या हातात खुरपं होतं.

मी चपला न काढता वाफ्यात शिरले. "तुम्ही इथं काय करताय?"

"आले की परत."

"का? कुणी बोलावलं? फोन केला का त्यांनी? धमकावलं?"

"न्हाई वो अक्का. आपली आपन आले. बारसं झालं न् दुसऱ्या दिवशी निगाले."

"आणि लेक?"

तिनं खुरप्याच्या टोकानं एक गाठ उकरली आणि बाजूला टाकली. लेकीला टाके पडले होते, अजून उठता-बसता येत नव्हतं. जाऊ सकाळी मजुरीला जायची ती दिवेलागणीला यायची. दिवसभर घरात ती वीस वर्षांची पोरगी आणि तेरा दिवसांची पोर. "निगताना पदर सोडंना," बाई म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, रडून झालेल्या माणसाचा असतो तसा.

"मग कशाला आलात?"

"माजी सुटली. ह्येंची कुटं सुटलीया?" तिनं नवऱ्याकडे हनुवटी केली. "शब्द दोगांचा व्हता. ह्ये एकटं दोगांचं काम वडत व्हते. पाठ धरली. काम ऱ्हायलं तर शब्द मोडला, न् मोडला तर फिरतोय कुनावर? आता तर नात बी हाय."

मी तडक लॉनवाल्याकडे गेले. त्यानं खुर्ची दिली. चहा सांगितला. मागचं भांडण विसरल्यासारखा बोलला. "बगा म्याडम, आपल्या पायानं आली. लिवा तुमच्या कागदावर." मी म्हटलं, त्याचीही सोडा. तो म्हणाला, पाडवा पंधरा दिसांवर आलाय, कशाला गडबड? मी म्हटलं, साताऱ्याची ऑर्डर देणार नाही. तो म्हणाला, बरं, नका देऊ. ह्या महिन्यात लगीनघाई हाय, हॉलवाले रांग लावून हुबे हायेत. मी आवाज चढवला. त्यानं चहात साखर किती विचारलं. माझ्या हातात आता काहीच नव्हतं, हे त्याला कळलं होतं आणि मलाही.

चहा तसाच टाकून मी पुन्हा वाफ्यावर आले. काय सांगावं ते सुचेना. पंधरा दिवस आहेत, निघून जातील, असलं काहीतरी मी बोलले असेन. नवरा मान खाली घालून गाठी काढत पुढे सरकला. बाई हात थांबवून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"अक्का," ती म्हणाली, "रागावू नगा, एक म्हनू का? त्या दिशी तुमी म्हनला, तिची सोडा. दोगांची सोडा म्हनला असता, तर त्या रागात त्येंनी दोगांची सोडली असती की वो."

त्या दिवशी टेंपो माझ्या ताब्यात होता, लॉन तापत होतं आणि तो तीनदा सुटली म्हणाला होता. चौथ्यांदाही म्हणाला असता. मी मागितलंच नव्हतं.